लोनवरची गाडी ठोकली, आता विकायची कशी?

भावा, टेन्शन नको घेऊ, ठोकलेली गाडीपण विकली जाते, फक्त घाई करू नकोस. आधी बँकेकडून फोरक्लोजरचा, म्हणजे लोन एकरकमी फेडून बंद करायचा, आकडा माग, कारण गाडीचा भाव पडला तरी लोन एक रुपयानेही कमी होत नाही, आणि नवीन लोक नेमकं हेच विसरून गिऱ्हाईकाला भाव सांगून बसतात.

- बंपर, दरवाजा बदलला तर फार फरक नाही. चासी (गाडीचा खालचा सांगाडा), पिलरला (छत धरणाऱ्या खांबांना) मार किंवा एअरबॅग उघडलेली असेल तर भाव खरंच पडतो.
- इन्शुरन्सचा क्लेम घेतला असेल तर लपवू नको, तपासणीत कळतंच, उलट बिलं आणि दुरुस्तीआधीचे फोटो दाखव, माझी गाडी त्यावरच विकली गेली.
- आरसीवरचा बँकेचा बोजा एनओसी (लोन फिटल्याचं बँकेचं पत्र) आणि फॉर्म ३५ (बोजा काढायचा अर्ज) आरटीओत देऊन आधी उतरव.