'विवरांना नावे ठेवा' हे मराठी चालेल का?

कॉलेज रोडवरच्या एका फलकाचा फोटो पाठवून नाशिकच्याच एका वाचकाने विचारले आहे: 'मंगळावरच्या विवरांना नावे ठेवा, बक्षीस मिळवा' हे बरोबर आहे का?

साफ चूक आहे, आणि हल्ली ती सारखी कानावर पडते. बाळाचे नाव ठेवतात, सुनेला नावे ठेवतात. फलकावर 'नावे सुचवा' हवे होते. लोक फक्त सुचवतात, मान्यता देतो तो आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ. बुधावरच्या पाच विवरांसाठी अशीच जाहीर स्पर्धा झाली होती. २०१५ मध्ये जी नावे पक्की झाली, त्यांत प्राचीन सुमेरची कवयित्री एन्हेदुआना आहे.

खरी मौज 'ठेवणे'मध्ये आहे. संस्कृत 'स्थापय', प्राकृत 'ठव', मराठी 'ठेव'. नाव ठेवणे म्हणजे नावाची स्थापना, आपण गणपतीची करतो तशी! मग एवढ्या सोज्ज्वळ क्रियापदाला निंदेचा अर्थ चिकटला कसा? काही जण 'ठपका ठेवणे', 'दोष ठेवणे' यांच्याकडे बोट दाखवून मोकळे होतात. त्यांनी 'विश्वास ठेवणे' आणि 'मान ठेवणे' यांचा हिशेब द्यावा. निंदा क्रियापदात नाहीच, ती अनेकवचनात आहे. बारशाला एक नाव ठेवले की जागा भरली. त्यावर दुसरे, तिसरे ठेवायला लोक येतात ते लंगड्या, काळ्या, चिकट असलेच काहीतरी घेऊन. 'नाव ठेवायला जागा नाही' हे एकवचन माझ्या तोंडावर फेकणाऱ्यांनी त्यातला 'जागा' शब्द नीट वाचावा. पहिले नाव इतके घट्ट बसले आहे की दुसरे ठेवायला जागाच उरली नाही, असेच ते वाक्य सांगते.

मंगळावर नेमके हेच झाले होते. डच खगोलशास्त्रज्ञ ह्यूगेन्सने १६५९ मध्ये रेखाटलेला मंगळावरचा काळा डाग घ्या. कोणी त्याला वाळूच्या घड्याळाचा समुद्र म्हणे, इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ प्रॉक्टरच्या १८६७ च्या मंगळाच्या नकाशात तो कायसर समुद्र झाला, पुढे इटलीच्या शियापारेल्लीने आपल्या नकाशात त्याला लिबियाजवळच्या सिर्टिस या आखाताचे नाव दिले. एका डागाला किती नावे! १९५८ मध्ये संघाने मंगळावरच्या अशा ठळक डागांची एकच यादी मान्य केली आणि सिर्टिस मेजर कायम झाले.

आता तिथल्या लहान विवरांना पृथ्वीवरच्या छोट्या गावांची नावे मिळतात, लोकसंख्या एक लाखाच्या आत हवी. म्हणून आपले लोणार मंगळावर आहे. नाशिक या नियमात बसत नाही, चांदवड बसते. सुचवायचे असेल तर चांदवड सुचवा.