२४ एप्रिलच्या दिनविशेषात संगीत, क्रीडा आणि राजकारण या तिन्हींतलं काय घ्यावं?

मास्टर दीनानाथ मंगेशकरांची पुण्यतिथी (१९४२, पुणे), सचिन तेंडुलकरचा वाढदिवस (१९७३, मुंबई) आणि पंचायत राज दिन, हे तीन घ्या. फळ्यावर एवढं पुरतं. सालं लक्षात ठेवायची तर ७३ हा आकडा धरा: सचिनचा जन्म ७३ सालचा, पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी घटनादुरुस्तीही ७३वी, आणि ती लागू झाली २४ एप्रिल १९९३ला, म्हणजे सचिनच्या बरोब्बर विसाव्या वाढदिवशी. क्रिकेटवेडी पोरं असतील तर शारजाही सांगा; १९९८च्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध १३४ धावा त्याने याच तारखेला काढल्या, पंचविसाव्या वाढदिवशी. दीनानाथांचं साल मात्र सरळ पाठच करावं लागतं, तिथे युक्ती नाही.

एक घोळ टाळा. कायद्याच्या नावात १९९२ आहे, कारण संसदेने तो त्या डिसेंबरात मंजूर केला. दिनविशेषात १९९३च लिहा. आणि ‘पंचायत राज सुरू झालं’ असंही लिहू नका, महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२पासूनच आहेत.