घरी शिकवलं म्हणून लेक उलट बोलायला लागली का?

मी समुपदेशक आहे; मुलांना शाळेत न घालता घरी शिकवणाऱ्या आया हा प्रश्न मला वेगवेगळ्या तऱ्हेने विचारतात. वसईकडची ही कॅथलिक आई तो विचारतानाच रडली. (तिच्या परवानगीने लिहितेय, ओळखीचे तपशील बदलून.)

मुलगी बारा वर्षांची. दुसरीनंतर शाळेतून काढून आईने तिला अभिजात पद्धतीने शिकवलं: आधी व्याकरण आणि पाठांतर, मग तर्क, शेवटी वक्तृत्व. पाढे, संतांची चरित्रं, लॅटिन प्रार्थना मुलगी घडाघडा म्हणायची. आता म्हणते, "येशू तर अरामी बोलायचा, मग मी लॅटिन कशाला पाठ करू?" रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेच्या वेळीही प्रश्न सुरूच. नणंदा म्हणतात, शाळेत असती तर अशी बोलली नसती. आईच्या पोटातली भीती त्याहून मोठी होती: लेकीची श्रद्धा सुटतेय आणि तेही आपल्यामुळे.

मुलीशी मी एकटीशी बोलले. ती म्हणाली, "देवावर माझा राग नाही. मी काही विचारलं की मम्मीचा चेहरा पडतो. मग मी मुद्दाम जोरात विचारते."

आईला मी तिच्याच पद्धतीची आठवण करून दिली. पाठांतरानंतर तर्काचा टप्पा साधारण याच वयात येतो. मूल हुज्जत घालायला लागतं, तेव्हाच त्याला नीट वाद घालायला शिकवायचं असतं. लेक पुढच्या टप्प्यावर पोचली होती आणि घरात अजून पाठांतरच चाललं होतं. तेराव्या शतकातले कॅथलिक धर्मचिंतक संत थॉमस अक्विनास तर आईचे आवडते. ‘देव आहे का?’ या प्रश्नावर लिहितानाही त्यांनी आधी दोन आक्षेप मांडले: जगात दुष्टता आहे, मग देव कसा? आणि निसर्गाने सगळं उलगडतं, तर देव हवा कशाला? उत्तर त्यानंतर. ज्या घरात अक्विनास वाचतात, तिथे बारा वर्षांच्या मुलीच्या आक्षेपालाही जागा हवी, असं मी स्पष्ट म्हटलं.

मग एक रीत ठरवली. मुलीने आक्षेप वहीत लिहायचा. आईने तो स्वतःच्या शब्दांत असा सांगायचा, की लेक म्हणेल "हो, हेच." त्यानंतरच उत्तर. उत्तर सुचलं नाही तर दोघींनी मिळून फादरना विचारायचं. आईला पहिली पायरीच सगळ्यात जड गेली, मध्येच समजवायला जायची. पण लॅटिनच्या प्रश्नावर दोघी चांगल्याच रमल्या. गोव्यातले इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण हे येशूची कथा सांगणारं काव्य 1616 साली छापलं गेलं तेही मराठी ओव्यांत, हे कळल्यावर लेकीने अट घातली: लॅटिन म्हणेन, पण ओव्याही हव्यात. आईने मान्य केलं.

"आईवडील हेच पहिले शिक्षक, असं चर्चच सांगतं ना?" असं आईने मला विचारलं होतं. खरंच आहे, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेच्या, 1965 च्या शिक्षणविषयक घोषणेत ते आहे. पण कुटुंबाला सगळ्या समाजाची मदत लागते, हेही तिथेच लिहिलंय. आता संध्याकाळचं गणित वडील घेतात आणि रविवारी मुलगी चर्चमध्ये धर्मशिक्षणाला जाते.

दहावीची धास्ती नणंदांना जास्त. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थान या शाळेत न जाता परीक्षा देऊ देणाऱ्या सरकारी मंडळातून चौदा पूर्ण झाल्यावर ती परीक्षा देता येते, तेव्हा अजून वेळ आहे.

मूल वाद घालत असेल तर घाबरू नका. ते बोलणंच थांबवत असेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर मात्र थांबू नका, समुपदेशकाकडे या.