फॉरमॅट मारण्याआधी हार्डडिस्क तपासा

तुमचा लॅपटॉप 2016 चा: सहाव्या पिढीचा आय-थ्री, 4 जीबी रॅम, 1 टीबी हार्डडिस्क, विंडोज 10. सुरू व्हायला दहा मिनिटं, मधूनच निळा स्क्रीन, आणि दुकानदार म्हणतोय की फॉरमॅट मारून, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकून देतो. याच लॅपटॉपवर तुमचं टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) आणि मराठी टायपिंगचं काम चालतं. विंडोज दुरुस्त करायची की नव्याने टाकायची, असं तुम्ही विचारलंय; ते ठरवण्याआधी डिस्क बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते टाका. वर 'गुड' लिहिलंय की पिवळं 'कॉशन', एवढ्यावर थांबू नका. खालच्या यादीत 'रीअलोकेटेड सेक्टर्स' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या दोन ओळींचा शेवटचा रकाना वाचा. सेक्टर म्हणजे डिस्कवरचे डेटा ठेवायचे छोटे कप्पे; रीअलोकेटेड म्हणजे खराब झाल्याने बदललेले. सगळी शून्यं असतील तर उत्तम. पेंडिंगपुढे आकडा असेल तर तेवढे सेक्टर डिस्कला धड वाचता येत नाहीयेत. विंडोजला तिथली फाइल हवी असली की डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते आणि सगळं खोळंबतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्के दिसते, पण वेग मात्र नगण्य. अशा डिस्कवर फॉरमॅट मारला तर फाइली चांगल्या जागी जाऊन बसतात आणि मशीन काही दिवस छान पळतं. मग पुन्हा तेच रडगाणं, आणि जुना डेटा गेलेला तो गेलेलाच. असे लॅपटॉप माझ्याकडे नेहमी येतात, म्हणून कळकळीने सांगतोय. डेटा बाहेर काढेपर्यंत चेकडिस्क ही विंडोजची डिस्क-तपासणीसुद्धा चालवू नका, मोडकळीला आलेल्या डिस्कला ती तासन्‌तास राबवते.

डिस्क ठणठणीत निघाली तर दुरुस्तीच करा. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून विंडोजच्याच दुरुस्तीच्या दोन कमांड चालवा: आधी डिझमचं 'रीस्टोअर हेल्थ', मग 'एसएफसी स्कॅननाऊ'. क्रम हाच ठेवा, कारण एसएफसी चांगल्या फाइली ज्या साठ्यातून घेते तो साठा डिझम नीट करतं. एवढ्याने भागलं नाही तर विंडोज 10 ची आयएसओ (सेटअपची पूर्ण फाइल) उतरवून चालू विंडोजमधूनच सेटअप चालवा आणि फाइली व ॲप्स ठेवण्याचा पर्याय निवडा. विंडोज नवी होते, टॅली जागच्या जागी राहते.

डिस्क खराब असेल तर साटा एसएसडी (हार्डडिस्कच्याच जागी बसणारी वेगवान डिस्क) घ्या आणि त्यावर कोरी विंडोज टाका. बिघडलेल्या डिस्कचं क्लोनिंग, म्हणजे जशीच्या तशी नक्कल नको, खराब झालेल्या फाइली तशाच नव्या डिस्कवर येतील. तुमची विंडोज डिजिटल लायसन्सवर असेल तर ते मदरबोर्डशी बांधलेलं असतं. नेट जोडलं की ॲक्टिव्हेट होईल, 'की'चे (ॲक्टिव्हेशनच्या कोडचे) वेगळे पैसे देऊ नका. रॅम 8 जीबी करता आली तर जरूर करा.

तुम्ही मराठी टायपिंगची कामं घेता, म्हणून हे मुद्दाम सांगतो. लोक डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स कॉपी करतात, पण सी ड्राइव्हच्या विंडोजमधलं 'फॉन्ट्स' फोल्डर विसरतात. श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव या जुन्या फॉन्टमधला मजकूर मग इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतो. फॉन्ट, टॅलीचं डेटा फोल्डर आणि डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर आधी पेनड्राइव्हवर घ्या.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. घरगुती वापरासाठी जादा सुरक्षा अपडेट्स 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत जाहीर झाली आहेत, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज 11 साठी इंटेलची किमान आठवी पिढी लागते, त्यामुळे तो रस्ता तुम्हाला अधिकृतपणे बंद आहे. तरीही एसएसडीचा खर्च वाया जात नाही. उद्या नवा लॅपटॉप घेतलात तर ती यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला वापरता येईल.