ट्रकने खंड ओलांडायला निघताय? आधी एवढं बघा

गटाने ट्रकमधून फिरायचं, तंबूत राहायचं नि पाळीपाळीने स्वयंपाक करायचा, अशा सहलीला पहिल्यांदाच निघताय, मस्तच! नवखे लोक चुकतात ते सामानात. चाकांची कडक सूटकेस ट्रकच्या लॉकरमध्ये बसत नाही. मऊ कापडी बॅग घ्या. हेडटॉर्च वरच्याच कप्प्यात ठेवा, कारण तंबू बरेचदा अंधारात ठोकावा लागतो.

कागदपत्रांचं:
– पासपोर्ट प्रवास संपल्यावरही 6 महिने चालणारा हवा, कोरी पानं भरपूर.
– आफ्रिकेतून जाणार असाल तर यलो फीव्हरची लस किमान 10 दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र त्यानंतरच ग्राह्य धरतात.

स्वयंपाकाची पाळी मात्र कधीच टाळू नका. वीस जणांसाठी कांदे चिरताना गट खरा जुळतो, हे मी दरवेळी पाहिलंय. आणि सीमेवर अख्खा दिवस जाऊ शकतो, म्हणून परतीचं तिकीट शेवटच्याच दिवसाचं काढू नका.