निम्म्या रेटचा मिस्त्री घ्यावा का?

प्रश्न: गेटपासून दारापर्यंत वाट आणि मागे बसायला जागा, दोन्ही काँक्रीटचं करून घ्यायचंय. तिघे बघून गेले. दोघांचे रेट जवळपास सारखेच, तिसरा आमच्या भागातलाच आहे आणि निम्म्यात करतो म्हणतोय. द्यावं का त्याला काम?

उत्तर: द्या की, पण आधी निम्म्यात म्हणजे नेमकं काय काय कमी होणार ते विचारा. सिमेंट-खडी तिघांना साधारण एकाच भावात पडते, मग फरक बहुतेक वेळा जाडीत नाहीतर खालच्या भरावात निघतो, आणि भराव एकदा झाकला गेला की कोण बघतंय! पायी चालायच्या वाटेला चार इंच जाडी पाहिजे, गाडी येणार असेल तर पाच-सहा, आणि त्याखाली वरची भुसभुशीत माती काढून चारेक इंच खडी-मुरूम, पाणी मारून धुम्मसाने नीट ठोकलेला. हे न करता मातीवरच ओतलं तर माती कुठे बसते कुठे फुगते आणि वरचा थर तुटतो, मग आत लोखंडी जाळी असो वा नसो. जाळी टाकणार असतील तर कव्हर ब्लॉकवर, म्हणजे सिमेंटच्या छोट्या ठोकळ्यांवर, उचललेली हवी, जमिनीला चिकटून पडलेली जाळी म्हणजे पैसे मातीत.

माझा आवडता प्रश्न, "पाणी कुठे जाणार?" जो मिस्त्री हे ऐकून लगेच लेव्हल काढून दाखवतो त्याला अर्धे मार्क तिथेच. उतार घराच्या भिंतीपासून बाहेर, दहा फुटांना सव्वा ते अडीच इंच, आणि भिंतीला लागून जॉइंट, म्हणजे फट, सोडलेला. वरचं फिनिश झाडू मारून खरखरीत ठेवायला सांगा, गुळगुळीत घोटाई फोटोत छान दिसते पण ओल्यात पाय घसरतो.

तो जवळचाच आहे याचा खरा उपयोग असा की त्याची जुनी कामं चालत जाऊन बघता येतात. कालचं नको, दोन पावसाळे काढलेलं बघा, शक्यतो पाऊस पडून गेल्यावर, डबकी दिसतात लगेच. आवडलं तर जाडी, भराव, राडारोडा कोण उचलणार, क्युरिंग (काँक्रीट पाणी मारून ओलं ठेवणं) कोण करणार हे सगळं कागदावर घ्या, आणि शेवटचा हप्ता क्युरिंग संपल्यावरच द्या, त्याआधी कितीही गोड बोलला तरी नाही.

प्रश्न: नवीन काँक्रीटला आठवड्यातच भेगा गेल्यात. मिस्त्री म्हणतो चालायचंच. खरंय का?

उत्तर: अर्धं खरंय. काँक्रीट वाळताना आकसतं, केसासारख्या बारीक भेगा येतात, त्यांचं टेन्शन नको. पण भेगेच्या दोन्ही बाजूंची लेव्हल वेगळी लागत असेल तर खालचा भराव बसलाय, त्यावर नुसतं सिमेंट फासून देऊ नका, तेवढा भाग फोडून परत करायला लावा. भेग कुठे जावी हे आपण ठरवायचं असतं, त्यासाठीच चार इंची कामात दर आठ-दहा फुटांवर (अरुंद वाटेला त्याहून जवळ, तुकडे चौकोनी यावेत असे) इंचभर खोल कट मारतात, तेही साधारण दुसऱ्या दिवसापर्यंत, उशीर झाला की काँक्रीट आपली जागा स्वतःच शोधतं. तुमच्याकडे कट आहेत का बघा. आणि ओतताना माल पसरायला सोपा जावा म्हणून वरून पाणी घातलं होतं का, पृष्ठभागावर कोरडं सिमेंट भुरभुरलं होतं का तेही विचारा, पहिल्याने ताकद घटते, दुसऱ्याने पुढे पापुद्रे सुटतात. सात दिवस झाले नसतील तर अजून गोणपाट टाकून ओलं ठेवा. गाडी मात्र इतक्यात चढवू नका, पूर्ण ताकद धरायला 28 दिवस धरतात.