घेणेकऱ्यांच्या यादीत तुझं नाव

प्रिय बाळ,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. दोन महिन्यांचा पगार झालेला नाही, तिसरा महिना निम्मा सरला आहे, आणि तरीही पत्रातला अर्धा मजकूर साहेबांच्या अडचणींबद्दल आहे. ते माणूस म्हणून किती चांगले आहेत, त्यांनीच तुला पहिली संधी दिली, अशा वेळी पैसे मागणं बरं दिसत नाही, वगैरे. आईला अजून काही सांगितलेलं नाही हे तू एका ओळीत उरकलंस. मला सगळ्यात जास्त काळजी त्या ओळीनं लागली.

मी कितीतरी वर्षं हिशेब विभागात काढली, हे तुला ठाऊक आहे. त्यातली एक गोष्ट मात्र तुला कधी सांगितली नव्हती. एका ठिकाणी मी असताना पैशांची ओढाताण सुरू झाली. दर सोमवारी देण्यांची यादी करून ती साहेबांपुढे ठेवायची, हे माझं काम. खात्यातली शिल्लक यादीच्या निम्मीही नसायची. साहेब पेन घेऊन वरून खूण करत यायचे. सगळ्यात आधी बँकेचा हप्ता, कारण तो चुकला की बँक गप्प बसत नाही. मग वीजबिल, कारण जोडणी तोडतात. मग कच्चा माल देणारा, कारण तो पैसे हातात पडल्याशिवाय गाडी रिकामी करत नव्हता. पगाराची ओळ दर सोमवारी तळाशी उरायची. साहेब दुष्ट नव्हते. ‘आपलीच माणसं आहेत, थांबतील,’ एवढंच म्हणायचे. आणि माणसं खरोखर थांबायची. पाच महिने थांबली.

त्यात एक वेल्डर होता. त्यानं दुसऱ्याच महिन्यात लेखी अर्ज दिला. किती रक्कम बाकी आहे, कोणत्या तारखेपर्यंत हवी आहे, नाही मिळाली तर कामगार कार्यालयात जाईन, अशा चार ओळी. त्याच आठवड्यात त्याचा पगार निघाला. त्याच्यापेक्षा जास्त गरज असलेली माणसं तिथं होती, मला त्यांची घरं माहीत होती, आणि तरी त्यांची ओळ मी कधी वर घेतली नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. हे पत्र इतक्या घाईनं लिहायला बसले आहे ते त्यामुळेच.

तेव्हा नीट ऐक. पैसा पुरत नसतो तेव्हा ज्यानं तारीख घालून मागितलंय त्याला तो आधी मिळतो. तू मागितलेलाच नाहीस, म्हणजे तुझी ओळ तळाशी आहे. तुझे साहेब चांगले असतील. पण आज तू त्यांना बिनव्याजी, बिनतारण कर्ज देतो आहेस आणि तेही न ठरवता. द्यायचंच असेल तर ठरवून दे: किती दिवस, किती रकमेपर्यंत. हा आकडा त्यांना सांगायची गरज नाही, पण तुझ्या वहीत तो आजच लिहिलेला असू दे. उद्या ते प्रेमानं खांद्यावर हात ठेवतील तेव्हा तुला तो आठवायला हवा.

आता मागायचं कसं. आधी समोर जाऊन शांतपणे बोल. त्यांचं ऐकून घे. आणि त्याच दिवशी, जे बोलणं झालं ते मेलवर लिहून पाठव. ‘जमल्यास’, ‘सवडीनं’, ‘त्रासाबद्दल क्षमस्व’ असले शब्द त्यात नकोत. ‘माझा अमुक दोन महिन्यांचा पगार, एकूण इतकी रक्कम, अजून मिळालेला नाही. तो अमुक तारखेपर्यंत खात्यात जमा करावा. एकरकमी शक्य नसेल तर कोणत्या तारखेला किती देणार ते लेखी कळवावं.’ बस, एवढं पुरे. यात राग नाही, उद्धटपणा नाही. त्यावर त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, ‘थोडं थांब, पुढच्या आठवड्यात करतो,’ तरी ते जपून ठेव. पगार देणं बाकी आहे हे त्यांनी स्वतःच्या हातानं मान्य केल्याचा तो कागद आहे. फोनवर दिलेल्या दहा शब्दांपेक्षा ती एक ओळ मोलाची.

आज रात्रीच आणखी एक काम कर. नेमणूकपत्र, जुनी पगारपत्रकं, ज्यात पगार जमा झाल्याच्या नोंदी दिसतात ते बँक स्टेटमेंट, हजेरीच्या नोंदी, तुला काम सांगणारे मेसेज, हे सगळं स्वतःच्या मेलवर किंवा घरच्या कपाटात आण. प्रकरण चिघळलं की ऑफिसचा मेल सगळ्यात आधी बंद होतो. पण फक्त तुझ्याबद्दलचे कागद घे. ग्राहकांच्या याद्या, कंपनीच्या फायली यांना हात लावू नकोस. लॅपटॉप अडवून ठेवणं, रागानं काही पुसून टाकणं, समाजमाध्यमांवर नावानिशी लिहिणं, यातलं काहीही केलंस तर उद्या चर्चा तुझ्या पगाराची न राहता तुझ्या वागण्याची होईल. तुझ्याबरोबरच्या ज्या मुलाला नेमणूकपत्रच दिलेलं नाही, त्यालाही सांग की बहुतेक देशांत लेखी करार नसला म्हणून नोकरी नव्हतीच असं होत नाही. मेसेज, बँकेतल्या नोंदी, सहकाऱ्यांचे जबाब यांतूनही ती सिद्ध करता येते.

मधेच थोडी उचल देतील, ती घे. मात्र ती कोणत्या महिन्याच्या पगारापोटी आहे हे मेलवर नोंदव, नाहीतर हिशेब इतका गुंतेल की किती बाकी आहे हे तुलाच सांगता येणार नाही. ‘माझी कोणतीही थकबाकी नाही’ किंवा ‘फुल अँड फायनल’ असं छापलेल्या पावतीवर पूर्ण पैसे मिळाल्याशिवाय सही करू नकोस, कितीही घाई केली तरी. कोऱ्या कागदावर तर नाहीच. पैशांऐवजी कूपन किंवा वचनचिठ्ठी पुढे केली तर नाही म्हण. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 1949 साली वेतनाच्या संरक्षणाचा 95 क्रमांकाचा करार केला. रोखीनं द्यायचं वेतन चालू चलनातच द्यावं, वचनचिठ्ठ्या किंवा कूपन यांच्या रूपात देऊ नये, ते नियमित द्यावं, आणि माणूस नोकरी सोडेल तेव्हा उरलेला हिशेब चुकता करावा, हे त्यात स्पष्ट आहे. प्रत्यक्षात तुला तुझ्या देशाचाच कायदा लागेल, पण पगार मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे हे जगानं केव्हाच मान्य केलेलं आहे. मागताना मान खाली घालू नकोस.

पगारपत्रकावर जी कपात दिसते, कर असो की भविष्यनिर्वाह निधी, ती खरोखर तुझ्या नावावर भरली गेली का, हेही तपास. अडचणीतली कंपनी पुष्कळदा तिथूनच पैसे वापरायला लागते. पगार थांबायच्या कितीतरी आधी ते भरणं थांबलेलं असतं.

तू विचारलंस, उद्यापासून कामावर जाणं बंद करू का? रागाच्या भरात नको. न सांगता घरी बसलास तर कागदोपत्री तू गैरहजर ठरतोस, आणि तडकाफडकी राजीनामा दिलास तर काही देशांत भरपाईवर किंवा बेकारभत्त्यावर त्याचा परिणाम होतो. आधी कामगार कार्यालयात, एखाद्या कामगार संघटनेत किंवा वकिलाकडे जाऊन तुझ्याकडच्या नियमांत काय बसतं ते विचार. माझं मत विचारशील तर दोन पगार चुकले, लेखी मागितलं, आणि दिलेली तारीखही हुकली, की थांबण्यात अर्थ उरत नाही. दुसरी नोकरी शोधायला मात्र यातल्या कशाचीही वाट पाहू नकोस. ती आजपासून शोध.

एकटा जाऊ नकोस. तुझ्याबरोबरचे चौघे-पाच जण याच अवस्थेत आहेत आणि प्रत्येकाला वाटतंय की आपण एकटेच हावरट दिसू. सगळ्यांनी मिळून एक पत्र द्या. कामगार कार्यालयात तक्रार करायला बहुतेक ठिकाणी वकील लागत नाही. तिथं मुदत काय आहे ते मात्र पहिल्याच भेटीत विचारा. काही देशांत ती काही महिन्यांचीच असते आणि ‘आज देतो, उद्या देतो’मध्ये ती निघून जाते.

उशिराचं काय होतं याची एक खरी गोष्ट सांगते. इटलीत आंद्रेया फ्रांकोविच नावाच्या कामगाराला त्याचा मालक अधूनमधून थोडे थोडे पैसे देत राहिला. तो कोर्टात गेला, जिंकला, सुमारे 60 लाख लिरा द्यायचा हुकूम झाला. वसुलीला गेलेला बेलीफ, म्हणजे कोर्टाचा माणूस, मोकळ्या हातानं परत आला, कारण तिथं जप्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मालक बुडाला तर थकीत पगाराची हमी देणारी व्यवस्था उभारा, असं युरोपीय समुदायानं 1980 सालीच सांगितलं होतं, पण इटलीनं ती मुदतीत केली नव्हती. फ्रांकोविच थेट सरकारविरुद्ध लढला आणि 1991 साली युरोपीय न्यायालयानं मोठा निकाल दिला: अशा चुकीमुळे नागरिकाचं नुकसान झालं तर राज्यानं भरपाई द्यावी. त्याच्या नावानं तो निकाल आजही शिकवला जातो. त्याचा स्वतःचा दावा मात्र पुढे 1995 साली तांत्रिक मुद्द्यावर अडला.

तुझी कंपनी दिवाळखोरीत निघाली तर लिक्विडेटरकडे, म्हणजे कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवायला नेमलेल्या माणसाकडे, तुझा दावा वेळेत नोंदव. बऱ्याच कायद्यांत कामगारांच्या पगाराला इतर देण्यांच्या आधी जागा असते. 1992 च्या 173 क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय करारात, दिवाळखोरीआधीच्या किमान तीन महिन्यांच्या वेतनाला असा अग्रक्रम द्यावा किंवा हमी देणाऱ्या संस्थेकडून किमान आठ आठवड्यांचं वेतन मिळावं, अशी तरतूद आहे. हे आकडे बघ. पाच-सहा महिने थांबणाऱ्याचा सगळा पैसा त्यात बसेलच असं नाही.

कर्जाचा हप्ता चुकायच्या आधी बँकेत जाऊन बोल, चुकल्यावर नव्हे. आणि कामावर जाण्याच्या खर्चासाठी क्रेडिट कार्ड वापरणं आजपासून बंद.

आईला मी काही सांगणार नाही, ते तूच सांग. ती रागावणार नाही. तिला मी तुझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखते. आज जेवण झालं की तिच्याजवळ बस आणि सांग, मग मेल लिहायला घे. पाठवण्याआधी मला फोनवर वाचून दाखव. मी जागी आहे.

तुझी
मावशी